एकेक वगळत

ड्रायक्लीनिंगला टाकण्याआधी मी सगळ्यांचे खिसे उलटे करून बघते. तसे नवऱ्याच्या राखाडी जाकिटाचे केले, तेव्हा आतल्या शिवणीला चिकटलेला एक नारिंगी तुकडा माझ्या नखात आला. मऊ, कडेला खिशातली धूळ माखलेला. दुसऱ्या कुणी तो खिडकीतून उडवून दिला असता. मी तो नळाखाली धरला आणि जिभेवर ठेवला. नोकरीने लावलेली खोड आहे ही. फळांचे रस करणाऱ्या कारखान्यात मी चव घेण्याचं काम करते. एवढीशी खोली, रंगाने फसू नये म्हणून लाल दिवा, समोर तीन पेले, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं, घोट थुंकायचा, पाण्याने चूळ भरायची, पुढचे तीन. जिभेला एकदा हे वळण लागलं की ती घरी आल्यावर सुट्टी घेत नाही. तुकडा आधी गोड लागला, मग आंबट, आणि मग नाकाच्या मागे कुणीतरी काडेपेटीची काडी ओढावी तशी बारीक चुणचूण झाली. जर्दाळू. तोही गंधकाच्या धुरीतला. धुरी न दिलेला जर्दाळू चामड्यासारखा तपकिरी पडतो, आणि दिलेला असा टवटवीत नारिंगी राहतो की पोरांना ती गोळीच वाटावी. आमच्या घरात तो कधी येत नव्हता. आमच्या मुलीला, खारूला, त्या धुरीने श्वासाचा त्रास होईल हे मी घसा फोडून सांगितलं होतं, आणि ज्याला सर्वांत जास्त वेळा सांगितलं होतं त्याच्या खिशातून तो निघाला होता. मी तुकडा गिळला नाही. बेसिनमध्ये थुंकले, चूळ भरली, आणि जाकीट घडी करून पिशवीत घातलं. बाहेरच्या खोलीत तो खारूला बुटाची नाडी बांधायला शिकवत होता. "आधी सशाचा एक कान," तो म्हणत होता, "मग दुसरा."

खारू हे काही तिचं खरं नाव नाही. घास गालात साठवून ठेवायची तिची सवय, म्हणून आत्याने पाडलेलं. हीच आत्या, म्हणजे माझी नणंद, मला दर भेटीत विचारायची, "काय वहिनी, हवेच्या पाकिटावरचं वाचलंत का आज?" प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचूनच वस्तू घरात आणायची माझी रीत, त्यावरून सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे, कारण न हसणारी सून फार महाग पडते. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही आमच्या मुलांना जे मिळेल ते खायला घातलं, कुठे काय झालं?" तो मात्र हसायचा नाही. तो समजावून सांगायचा. त्याचं काम पुलांचं. पूल बांधून झाला की त्यावर आधी थोडं वजन ठेवतात, मग आणखी, मग आणखी, आणि दर वेळी खाली उभं राहून तो किती वाकला ते बघतात. नणंदेच्या घरी जेवताना त्याने हे मिठाची बाटली आणि दोन चमचे घेऊन करून दाखवलं होतं. "शरीराचंही तसंच असतं," तो म्हणाला होता. "तू त्याला कधी भारच दिला नाहीस, तर ते पहिल्याच ट्रकखाली मोडणार." नणंद म्हणाली, "बघा, इंजिनिअर नवरा असल्याचा फायदा." मी म्हणाले, "पूल खोकत नाही." त्यावर त्याने चमचे परत जागेवर ठेवले होते. विषय संपला असं मी धरून चालले. विषय संपला की माणूस गप्प बसतो, आणि विषय स्वतःच्या हातात घेतला की आणखी गप्प बसतो. या दोन गप्प बसण्यांतला फरक माझ्या जिभेला कळायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना, तो दर सुट्टीला खारूला खेळायला न्यायचा त्या बागेपाशी मी उतरले. बागेच्या फाटकासमोर सुक्या मेव्याचं एक छोटं दुकान आहे. काउंटरमागची बाई चष्मा कपाळावर चढवून काहीतरी निवडत होती. मी मुलीचं वर्णन केलं आणि ती लगेच खुलली. "ती गाल फुगवून बसते ती? अहो ताई, आमची लाडकी आहे. बऱ्याच दिवसांत आली नाही. साहेब आणायचे दर सुट्टीला. आधी एकच द्यायचे, मग दोन, मग तीन. ती हट्ट करायची, तर म्हणायचे, आज एवढेच, पुढच्या खेपेला एक जास्त. असा मोजून देणारा बाप मी बघितला नाही. नाहीतर लोक पोरांपुढे अख्खी पिशवी टाकतात." तिने माझ्यापुढे डबा सरकवला. "घ्या की, चव बघा." मी म्हणाले, माझी बघून झालीय. बाहेर पडले तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पोटात एक थंड, गुळगुळीत गोष्ट येऊन बसली आणि मला जाणवलं की ती आता मुक्कामाला आली आहे.

कारण खारूला दवाखान्यात न्यावं लागलं त्या दुपारचं सगळं मला नव्याने दिसत होतं. बागेतून आल्यावर खारू टेबलाशी बसून चित्र काढत होती आणि एकदा खोकली. मग पुन्हा. मग तिचे खांदे वर यायला लागले आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जायला लागला, जणू कुणी आतून कातडी ओढत होतं. गाडी त्याने चालवली, सिग्नल तोडत. मी मागे तिला उभी धरून बसले होते आणि त्याच्या मानेवरचा घाम बघून मला त्याची दया आली होती, बिचारा किती घाबरलाय. तो घाबरलाच होता. कशाला घाबरला होता ते मला आत्ता कळत होतं. तिच्या तोंडावर वाफेचा मास्क बसवला गेला आणि डॉक्टरबाईंनी वळून मला विचारलं, "आई, शेवटचं काय दिलं होतं खायला?" त्याला नाही विचारलं. हा प्रश्न आयांनाच विचारतात. आणि मी स्वतःच्या आत हात घालून घालून शोधायला लागले. पेअर. अंडं. पाव, पण तो घरचा. नवा शाम्पू होता डॉक्टर, वासाचा. उशीचा अभ्रा वेगळ्या पावडरने धुतला होता. परवा फरशीला काहीतरी लावलं होतं. बाई मान हलवत होत्या, आणि त्या मान हलवण्यात एक थकवा होता, अशा आया त्या रोज बघत असणार. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. खारूचा एक बूट त्याच्या हातात होता आणि त्याचा बंद तो काढत होता, लावत होता. एक शब्द. तीन अक्षरांचा. तो बोलला असता तर मी त्याला कदाचित माफही केलं असतं. माणूस चुकतो, प्रेमापोटी चुकतो, एवढं मला समजतं. पण त्याने मला शोधू दिलं.

आणि नंतरही शोधू दिलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, संशयाच्या वस्तू एकेक वगळत जा, मुलगी बरी राहिली की एकेक परत आणा, ज्याने खोकला येईल तो चोर. घरी येऊन मी स्नानघरापासून सुरुवात केली. पावडर, शाम्पू, तिची गुलाबी टूथपेस्ट, वासाच्या मेणबत्त्या, जंतुनाशक, मग स्वयंपाकघर, रंगीत साखर, सॉस, बाटलीतलं लिंबू. तो काळ्या पिशव्यांची तोंडं बांधायचा आणि खाली नेऊन टाकायचा. "आणखी काही?" असं विचारायचा. मी एकदा त्या पिशव्यांच्या ढिगाशेजारी बसून रडले होते, माझंच काहीतरी चुकलंय, मीच तिला काहीतरी दिलंय असं म्हणत, आणि त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. हात फिरवला होता. त्या हाताची आठवण आली की डोक्याची कातडी अजून आकसते.

तर मी बोलले नाही. बोलून काय झालं असतं? तो म्हणाला असता, माझा हेतू वाईट नव्हता. मग मी ओरडले असते, मग तो खाली मान घालून बसला असता, मग सासूबाईंचा फोन, झालं गेलं विसरा, मुलगी ठीक आहे ना? आणि आठवड्याभरात माझं ओरडणं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं. मला ते तसं स्वस्तात द्यायचं नव्हतं. मला ते त्याच्या तोंडून हवं होतं, कुणीही न विचारता, आतून उचकटून निघालेलं. म्हणून मी शोध चालू ठेवला. जेवताना म्हणाले, "चोर अजून घरातच आहे असं मला वाटतं." त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "आता मोठ्यांच्या वस्तू राहिल्या," मी म्हणाले. "वासाने पण होतं."

पहिलं गेलं त्याचं आफ्टरशेव्ह. मग दाढीचा फेस. तो साध्या पाण्याने दाढी करायला लागला आणि त्याच्या गळ्यावर लाल पुरळ आलं. मग त्याची कॉफी, झटपट होणारी, बरणीतली, जिच्याशिवाय त्याला सकाळ उगवत नाही. मग पुदिन्याच्या गोळ्या, कोला, चिप्स, मोहरीचा सॉस, आइस्क्रीम. बुटाचं पॉलिश मी हातात घेतलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, पॉलिशचा काय संबंध? ती काय बूट चाटते का?"

"वास," मी म्हणाले. "तुला नको असेल तर राहू दे. मी डॉक्टरांना सांगेन, बाबांनी एवढं एक वगळलं नाही."

"तसं नाही गं म्हटलं मी."

"मग?"

त्याने पॉलिशची डबी स्वतःच पिशवीत टाकली. रोज संध्याकाळी एक पिशवी घेऊन तो जिना उतरायचा आणि मी खिडकीतून बघायचे, कचऱ्याच्या मोठ्या डब्याचं झाकण उचलताना त्याचा खांदा कसा खाली येतो ते. पूल किती वाकला हे खाली उभं राहून बघतात, मी वरून बघत होते. आम्ही उकडलेले बटाटे खाल्ले, भात खाल्ला, पेअर खाल्ले, पुन्हा बटाटे. त्याच्या पँटचा पट्टा आत सरकत गेला. एका वाक्याने हे सगळं थांबलं असतं आणि ते वाक्य त्याच्या घशाशी येऊन परत जाताना मी रोज बघत होते. कधीकधी तो तोंड उघडायचा, "ऐक ना," म्हणायचा. मी हातातलं काम सोडून, चेहऱ्यावर सगळं लक्ष आणून त्याच्याकडे वळायचे. "काय रे?" "काही नाही. मीठ कमी आहे का आज?" "मीठ बंद आहे. त्यात मोकळं राहण्यासाठी काहीतरी घालतात." "हो. बरोबर."

सर्वांत गोड भाग कौतुकाचा होता. नणंदेला फोन लावायचे आणि तो खोलीत आहे याची खात्री करून घ्यायचे. "तुमच्या भावाचं काय सांगू. स्वतःची कॉफी सोडली हो. माझ्याएवढाच शोधतोय तो. नाहीतर किती बाप असं करतात?" पलीकडून ती, या वेळी चेष्टा न करता, म्हणायची, "नाही वहिनी, दादा पहिल्यापासून तसाच आहे." मी स्पीकर चालू करायचे. सासूबाई गहिवरून म्हणायच्या, "माझा मुलगा म्हणून नाही म्हणत, पण असा बाप मिळायला नशीब लागतं." तो उठून गॅलरीत जायचा. काचेतून त्याची पाठ दिसायची. त्या पाठीवर प्रत्येक शब्द नीट बसतोय की नाही हे मी बघायचे. लाल दिव्याच्या खोलीतसुद्धा माझं लक्ष आता तीन पेल्यांकडे नसायचं. दोन सारखे वाटायचे, तिन्ही सारखे वाटायचे, सगळ्यांनाच ती काडी ओढल्याची चुणचूण. पर्यवेक्षक म्हणाला, बाई, जरा सुट्टी घ्या, तुमची उत्तरं चुकतायत. मी म्हणाले, घरी आजारपण आहे. ते खोटं नव्हतं.

खारू बरी होती. तो जर्दाळू देत नव्हता, त्यामुळे बरीच राहणार होती. पण तिचं जेवण मंदावलं. ती घास नाकाशी नेऊन हुंगायची आणि मगच तोंडात घालायची, गालात न साठवता, पटकन गिळून टाकायची. "आई, भाताने खोकला येतो?" नाही बाळा. "बटाट्याने?" नाही. "मग ते पण पिशवीत का नाही टाकलं?" एके सकाळी मी तिला अंघोळ घालत होते, साबण नाही म्हणून ओटच्या पिठाने अंग चोळत होते, तेव्हा तिने पाण्यात बघत विचारलं, "माणसांना पण पिशवीत घालतात?"

"कुठल्या माणसांना?"

"ज्यांच्यामुळे खोकला येतो."

माझा हात तिच्या पाठीवर थांबला. पीठ पाण्याबरोबर ओघळत होतं. "कुणामुळे येतो?" मी विचारलं, आवाज शक्य तितका सपाट ठेवून.

"कुणामुळेच नाही," ती म्हणाली, आणि मग लगेच, तिच्या वयाला न शोभणाऱ्या चलाखीने, "डोळ्यात पीठ गेलं."

म्हणजे हिला ठाऊक होतं. एवढ्याशा पोरीने गालात घास धरावा तशी ती गोष्ट धरून ठेवली होती, आणि रोज संध्याकाळी दारातून जाणारी पिशवी बघत होती, आज कुणाची पाळी म्हणून. मी तिला तिथेच उचलून घ्यायला हवं होतं. सांगायला हवं होतं, मला माहीत आहे राणी, सगळं माहीत आहे, कुणाला कुठे टाकणार नाहीत. शब्द तयार होते. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं ते हे, की याने तिला गप्प राहायला शिकवलं. माझ्या मुलीला, माझ्यापासून. आणि ती थंड गोष्ट पोटातून छातीपर्यंत चढली. मी म्हणाले, "डोळे मिटून घे, पाणी ओतते." आणि पाणी ओतलं. त्या संध्याकाळी त्याचं घड्याळ मागितलं. पट्ट्याच्या रबराला वास येतो म्हणाले. त्याने ते काढून दिलं. मनगटावर पांढरा पट्टा उरला होता आणि तो दुसऱ्या हाताने तिथे चोळत राहिला.

मग डॉक्टरबाईंकडे जायचा दिवस आला. मी त्याला मुद्दाम सुट्टी घ्यायला लावली. मी ठरवून टाकलं होतं: तिथे, त्याच बाईंसमोर, ज्या खुर्चीत मी शोधत बसले होते त्याच खुर्चीत, त्याला बसवायचं आणि वाट बघायची. बाईंनी खारूची छाती तपासली, जीभ बघितली, वजन बघून कपाळाला आठी घातली. "वजन उतरलंय. काही सापडलं का, आई?"

"यांना विचारा," मी म्हणाले. "सगळं यांनीच उचलून बाहेर नेलंय."

बाई त्याच्याकडे वळल्या. मला वाटतं तो बोलणार होता. त्याचे ओठ सुटले होते. खारू उंच तपासणीच्या टेबलावर बसून त्याच्याकडे बघत होती, मी बघत होते. तो म्हणाला, "नाही. काहीच सापडलं नाही."

"मग आपण असं अंधारात नाही ठेवू शकत तिला," बाई म्हणाल्या. "कशाची अ‍ॅलर्जी आहे ते टोचून बघू. धूळ, बुरशी, मांजर, दूध, अंडं, दाणे. दोन्ही हातांवर थेंब टाकायचे आणि प्रत्येक थेंबात बारीक टोचायचं. त्रास फार नाही, पण बरेच आहेत. आणि कारण कळत नाही तोवर रोज दोन वेळा फवारा ओढायचा, वर्षभर तरी. बाबा, चालेल ना?"

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

सिस्टरने बाटल्यांचा ट्रे आणला. खारूच्या हाताच्या आतल्या बाजूला, जिथे नसा हिरव्या दिसतात, तिथे तिने पेनाने टिंबं काढली, ओळीने, आणि टिंबांशेजारी थेंब ठेवत गेली. धूळ, बुरशी, मांजर. यातलं एकही टोचायची गरज नव्हती हे त्या खोलीत तिघांना ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघत होते. आता बोलेल. आता. सिस्टरने सुईचं पाकीट फाडलं. त्याने डोळे मिटले. मी नाही मिटले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, थांबा, गरज नाही, एवढंच, आणि मी ते जिभेवर धरून बसले, कारण ते मी बोलले असते तर तो सुटला असता. "मुंगी चावल्यासारखं होईल हं," सिस्टर म्हणाली, आणि टोचलं.

खारू रडली नाही. तिने हात ओढूनही घेतला नाही. ती भराभर, एका श्वासात बोलली, "बाबांनी दिले होते. जर्दाळू. आधी एक आणि मग दोन आणि मग खूप. बाबा म्हणाले आईला नाही सांगायचं, मग मी नाही सांगितलं. आता सांगितलं. आता नको."

सिस्टरची सुई वरच थांबली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाबा?"

"हो," तो म्हणाला. "थोडे थोडे देत होतो. सवय व्हावी म्हणून."

"आणि त्या दिवशी मी इथे उभी राहून विचारत होते तेव्हा?" बाई म्हणाल्या.

त्याची मान गेली ती छातीपर्यंत गेली, आणि मला गोड लागलं. खोटं कशाला बोलू, जिभेच्या मुळापर्यंत गोड लागलं. ज्यासाठी मी एवढे दिवस बेचव खाल्लं होतं ते हे. मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी आता कोसळेन किंवा अंगावर धावून जाईन म्हणून. मी दोन्हींपैकी काहीच करत नव्हते. या प्रसंगाची मी इतक्या वेळा कल्पना केली होती आणि एवढं एकच करायचं राहून गेलं होतं. धक्का बसल्याचा चेहरा करायला मला उशीर झाला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

बाईंची नजर त्याच्यावरून निघाली आणि माझ्यावर येऊन थांबली, त्या दिवशी थांबली होती तशी, पण आता त्यात थकवा नव्हता. "आई? कधीपासून?"

"महिना होत आला," मी म्हणाले.

"आणि तरी तुम्ही हात पुढे करू दिलात तिला?"

सिस्टरने कापूस ओला केला आणि थेंब पुसायला सुरुवात केली, एकेक करत. टिंबं पुसली गेली नाहीत, फिकट झाली फक्त. टोचलेल्या जागी एवढासा लाल ठिपका होता. "झालं हं राणी," ती म्हणाली, घाईघाईने, खोलीतली हवा बदलायला. "शहाणी पोर. कुणाच्या मांडीवर बसायचंय, आईच्या की बाबांच्या?"

मी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. शेजारच्या खुर्चीत त्यानेही हातातली फाइल खाली ठेवली, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी हात पुढे केले. खारूने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, खूप वेळ, नाकाशी घास धरून बघते तसं.

"मी इथेच बरी आहे," ती म्हणाली. आणि त्या उंच टेबलावर आणखी मागे, भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकून, हाताच्या त्या ठिपक्यावर स्वतःच फुंकर घालत बसली.